चाळीसचा पिस्टन

पिंप्राळ्यात आमच्या घराच्या मागच्या पडवीत एक बुलेट उभी आहे. वडिलांनी, म्हणजे नानांनी, ती १९७४ साली नवी घेतली. १९९८ नंतर ती चालली नाही. नाना गेले त्यालाही आता बारा वर्षं होतील. गेल्या वर्षी धाकट्या भावाने ती विकायचं ठरवलं आणि जुन्या गाड्या जमवणाऱ्या पुण्याच्या एका गृहस्थांशी बोलणी सुरू केली. त्यांचा फोनवरचा पहिलाच प्रश्न होता, "इंजिन फर्स्ट बोअर आहे का?"

ज्यांचा या व्यवहाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. इंजिनात पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याला सिलिंडर म्हणतात आणि त्याच्या आतल्या भोकाला बोअर. वापरून बोअर झिजतो, मग पिस्टन सैल होतो, गाडी निळा धूर सोडते आणि ऑइल पिऊ लागते. तेव्हा ते भोक मशीनवर थोडं मोठं करून घेतात आणि त्यात त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. हे काम एकदाही झालेलं नसेल तर इंजिन 'फर्स्ट बोअर'. हौशी लोक अशा इंजिनाला जास्त पैसे मोजतात. भावाने बेलाशक सांगून टाकलं की आमचं इंजिन कधी खोललेलंच नाही. यात त्याची लबाडी नव्हती. नाना आयुष्यभर हेच सांगत आले होते. पाहुणे आले, गाडीचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं वाक्य असे की या यंत्राला कुणाचा पाना लागलेला नाही.

पुण्याच्या गृहस्थांना ते लेखी हवं होतं. भाऊ म्हणाला, "दादा, तू संशोधक. तूच लिहून दे."

मी कागद वाचणारा माणूस. शिक्षण बी.कॉम.पर्यंत, मोडी स्वतःच शिकलो आणि गेली वीसएक वर्षं खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगची टिपणं गोळा करतो आहे. पण कागदाच्या बाबतीत जो नियम पाळतो तो इथे सोडावा असं वाटेना. मूळ पाहिल्याशिवाय सही करायची नाही. इथे मूळ म्हणजे इंजिनाच्या आत होतं. तेव्हा आषाढीचा रथ झाल्यावर, गावातली गर्दी ओसरली की इंजिन खोलायचं ठरलं.

मिस्तरी धुळ्याकडचे, वय सत्तरीच्या पुढे. हातात अजून कंप नाही. त्यांनी टाकी उतरवली, वरची झाकणं काढली, हेडचे नट एकदम न सोडता आळीपाळीने थोडे थोडे ढिले केले. चोवीस-पंचवीस वर्षं बंद असलेलं हेड सहज सुटत नाही. त्यांनी लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हाताने चारही बाजूंनी ठोकलं आणि ते सुटलं. पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड थर होता. मिस्तरींनी डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं त्यावर ठेवलं, चहा घेतला आणि मग पुसलं. काळ्यातून दोन आकडे वर आले, ४०.

मिस्तरी माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "भाऊ, हाई इंजन खोलेल शे."

हे चाळीस म्हणजे काय ते समजून घेण्यासारखं आहे. चाळीस थाऊ, म्हणजे एका इंचाचे चाळीस हजारांश, जवळजवळ एक मिलिमीटर. बुलेट साडेतीनशेचा मूळ बोअर ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. गणित केलं तर घनफळ ३४६ घन सेंटिमीटर येतं आणि आरसी बुकात तेच लिहिलेलं असतं. गंमत अशी की मूळ माप मिलिमीटरमध्ये आणि वाढीव मापं इंचात : वीस, चाळीस, साठ. ही गाडी मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५ साली मद्रासच्या कंपनीशी करार होऊन तिरुवोट्टियूरला तिची जुळणी सुरू झाली आणि पुढे यंत्रसामग्रीही इकडे आली. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद पडला, मद्रासचा चालूच राहिला. गाडीबरोबर तिथली मोजायची रीतही आली. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ च्या ऑक्टोबरपासून. बाजारातला शेर गेला, किलो आला. गज गेला, मीटर आला. बुलेटच्या मिस्तरीचा थाऊ मात्र जागचा हलला नाही. त्याच मिस्तरीकडे म्हैसूरची जावा आली की तो 'पॉइंट पन्नास' म्हणे, कारण ती झेक घराण्याची, तिची वाढ मिलिमीटरमध्ये. एकाच दुकानात, एकाच मशीनवर दोन देशांची मापं सुखाने नांदत होती.

आता चाळीस थाऊ मिळवून पुन्हा हिशेब केला. बोअर ७१.०१६ मिलिमीटर, घनफळ तीनशे छप्पनच्या वर. आरसी बुकात ३४६ आणि पडवीत ३५६. सरकारी कागद आणि वस्तू यांत दहा सीसीची तफावत. कायद्याने त्यात काही वावगं नाही, रिबोअरची नोंद कुणी करत नाही. पण माझ्यासारख्याला हुरूप यायला एवढं पुरेसं होतं.

प्रश्न मात्र वाढले. चाळीस म्हणजे दोनदा बोअर झालं असेल, आधी वीस आणि मग चाळीस. किंवा एकदाच, थेट चाळीस. कधी झालं, का झालं, आणि नाना असं का सांगत राहिले?

त्या रात्री जेवताना माझं लक्ष देवघराकडे गेलं. आमच्याकडे उदबत्ती लावायला एक जाडसर, काळपट धातूचं भांडं आहे. आत वाळू भरलेली. मी लहान असल्यापासून ते तिथेच आहे. पितळेचं नाही, चांदीचं नाही, आणि ते नेमकं काय आहे हे मी पन्नाशी उलटेपर्यंत एकदाही विचारलं नव्हतं. उठून वाळू रिकामी केली आणि भांडं उलटं केलं. तो पिस्टन होता. माथा खाली, पोकळी वर, म्हणून माथ्यावरचं काही कधी दिसलंच नव्हतं. गजन पिनेच्या दोन्ही भोकांत आईने मेण भरून ठेवलं होतं, वाळू सांडू नये म्हणून. दप्तरखान्यात वर्षानुवर्षं शोधलेला कागद घरच्याच माळ्यावर सापडावा, तशी माझी अवस्था झाली.

सकाळी तो पिस्टन मिस्तरींपुढे ठेवला. धुऊन काढल्यावर माथ्यावर वाढीव मापाचा कुठलाच आकडा निघाला नाही. मायक्रोमीटर लावला तर खालच्या घेराला सत्तरपेक्षा किंचित कमी. म्हणजे हा मूळचा, कारखान्यातून आलेला पिस्टन.

यानंतरचा अर्धा दिवस माझ्या संशोधनाच्या आयुष्यातला एक उत्तम दिवस होता, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पिस्टन बाहेर काढला की त्याची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे झिजेवरून कळतं. स्फोटाच्या वेळी कनेक्टिंग रॉड तिरकी असते, त्यामुळे पिस्टन सरळ खाली न जाता एका अंगाला रेटला जातो. बुलेटमध्ये तो मागच्या भिंतीवर रेटला जातो, म्हणून मागची बाजू जास्त घासून चकचकीत होते. इंजिन तापून पिस्टन धरला, ज्याला सीज होणं म्हणतात, तर ओरखडेही मुख्यतः या पुढच्या-मागच्या अंगांवर उमटतात. देवघरातल्या पिस्टनवर पुढे-मागे नेहमीचीच झीज होती. जखम होती डाव्या अंगाला, गजन पिनेच्या भोकाशी. तिथे पिन बाहेर सरकू नये म्हणून एका खाचेत तारेची छोटी कडी बसवतात. मिस्तरी तिला लॉक म्हणतात. त्या खाचेची कड तुटून, चघळल्यासारखी झाली होती.

लॉक सुटलं की काय होतं ते मिस्तरींनी बोटांनी दाखवलं. कडी खाचेतून निसटते, पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये सापडते आणि मिनिटाला हजारो वेळा वरखाली होत बिडाच्या भिंतीवर उभी चर पाडते. पाठोपाठ पिन सरकते आणि तीही घासते. ॲल्युमिनियमचा पिस्टन मऊ असतो, पण कडी आणि पिन पोलादी, त्या बिडालाही सोडत नाहीत.

मग आम्ही आत्ताचा सिलिंडर उजेडात धरला. डाव्या अंगाला, तळाकडच्या भागात, एक पुसट उभी रेघ होती. नखाला जेमतेम लागणारी. चाळीस थाऊ काढताना मशीनने प्रत्येक बाजूने वीस-वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर बीड खरवडलं, तरी त्या चरीचा तळ पूर्ण गेला नव्हता. बोअर करणाऱ्याने तो तसाच सोडला, कारण तळाशी तेवढ्याने बिघडत नाही आणि अजून कापायचं तर साठवर जावं लागलं असतं. याचा अर्थ उघड होता. चर अर्ध्या मिलिमीटरहून खोल होती. वीसचा पिस्टन बसवायचा तर बाजूने पाव मिलिमीटरच कापलं गेलं असतं, आणि एवढ्या खोल जखमेला ते पुरणारच नव्हतं. तेव्हा मधला वीसचा टप्पा झालेलाच नाही. इंजिन एकदाच बोअर झालं आणि ते थेट चाळीसवर गेलं. देवघरातल्या पिस्टनची डावी जखम आणि पडवीतल्या सिलिंडरची डावी रेघ एकाच अपघाताची दोन टोकं होती.

मिस्तरींनी आणखी एक गोष्ट सांगितली. कारखान्यात बसवलेलं लॉक सहसा सुटत नाही. सुटतं ते एकदा काढलेलं जुनंच लॉक पुन्हा बसवलं तर. ते काढताना वाकतं, त्याचा ताण जातो. म्हणून चांगला मिस्तरी पिस्टन उतरवला की लॉक नवंच घालतो, किंमत कितीशी असते! म्हणजे या अपघाताच्या आधीही कुणीतरी इंजिन उघडलं होतं, आणि तो चांगला मिस्तरी नव्हता.

आता कागदाकडे वळणं भाग होतं. नाना कापूस एकाधिकार खरेदी योजनेत ग्रेडर होते. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात कापसाची खरेदी शासनाच्या हाती आली आणि १९७२ च्या हंगामापासून शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा अशी व्यवस्था सुरू झाली. ग्रेडरने ढीग हातात घेऊन, धागा ओढून, प्रत ठरवायची. त्या एका शब्दावर शेतकऱ्याचं वर्ष ठरे. या योजनेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण ती केंद्रा-केंद्रांवर फिरणाऱ्या माणसांच्या पाठीवर कशी चालली यावर फारसं नाही. नानांचा हंगाम धरणगाव, एरंडोल, पारोळा, अमळनेर असा जाई. बुलेट त्यासाठीच घेतली होती. प्रत्येक हंगामाची एक वही ते ठेवत : किती किलोमीटर, किती पेट्रोल, कुठे मुक्काम.

१९७९ च्या वहीत मला हवं ते मिळालं. जानेवारीत रिंगा बदलल्याची नोंद आहे आणि पुढे एकच शब्द, स्वतः. तीन आठवड्यांनी पारोळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडल्याची आणि ट्रकमध्ये घालून आणल्याची नोंद. नंतर पंधरा दिवस किलोमीटरचा रकाना रिकामा. मग बोअर आणि पिस्टन यांचा खर्च; आकड्यावर पाणी सांडून शाई पसरली आहे. मला त्या वर्षीचं एवढंच आठवतं की नाना काही दिवस एस.टी.ने जात होते आणि घरात कुणी फार बोलत नव्हतं.

चांगला नसलेला तो मिस्तरी म्हणजे नानाच.

हा पुरावा हाती आल्यावर मी काही वेळ वही मिटून बसलो. ज्याची सगळी पत माल पारखण्यावर उभी होती, त्याने आठ-बारा आण्यांचं लॉक जुनंच बसवलं आणि सिलिंडर घालवला. पाहुण्यांपुढे पुढे त्याने काय सांगितलं असतं?

बाकीची झीज या प्रसंगानंतरच्या एकोणीस वर्षांची. तिचीही आपली गोष्ट आहे. मिस्तरींनी जुनी रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घालून तिच्या दोन टोकांमधली फट मोजली. वरच्या भागात दीड मिलिमीटर, तळाशी पॉइंट नऊ. फरक पॉइंट सहा. त्याला ३.१४ ने भागलं की व्यासातला फरक निघतो, पॉइंट एकोणीस. म्हणजे सिलिंडर वर रुंद आणि खाली अरुंद असा निमुळता झाला होता. महागड्या बोअर गेजशिवाय एका रिंगेने आणि फीलर गेजच्या पात्यांनी हे माप काढता येतं. शाळेत पायचा उपयोग काय असं मी विचारत असे, तो असा साठाव्या वर्षाकडे झुकताना कळला.

सिलिंडर वरच्या टोकालाच का झिजतो? पिस्टन वर पोहोचून क्षणभर थांबतो, तेव्हा तेलाचा पापुद्रा तुटतो. त्याच क्षणी स्फोटाचा दाब रिंगेला भिंतीवर दाबतो. आणि हवेबरोबर आलेली धूळ पहिल्यांदा तिथेच पोहोचते. धुळीतली वाळू लोखंडाहून कठीण असते. आमच्या पिस्टनच्या अंगावर तापून धरल्याचे खोल ओरखडे नव्हते. सगळीकडे बारीक, एकसारखी उभी चरचरीत रेषावळ आणि करडी, मंद झालेली कांती होती, वरच्या रिंगेच्या कडा पात्यासारख्या धारदार. मिस्तरी म्हणाले, ही धुळीची झीज, तेलाची नाही. मी विचारलं, मग एअर फिल्टर काय करत होता? ते हसले. कापसाच्या केंद्रावर तास-दोन तास गाडी उभी केली की फिल्टरच्या नमद्यावर रुईची गादी बसते, इंजिन गुदमरतं. त्या भागातले लोक सरळ फिल्टर काढून ठेवत. आमच्या गाडीचा फिल्टर मला माळ्यावर पिशवीत सापडला, नव्यासारखा स्वच्छ.

ते रस्तेही आठवले पाहिजेत. बहात्तरच्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर गावोगाव रस्ते झाले, पण त्यांतले बरेच माती-मुरमाचे. काळ्या जमिनीतून गेलेली बैलगाड्यांची चाकोरी आणि तिच्यावर वीतभर फुफाटा. पावसाळ्यात तिथे पाय रुतत आणि कापसाच्या हंगामात, नेमका नानांच्या फिरण्याच्या महिन्यांत, पुढच्या गाडीमागे काही दिसत नसे. तो फुफाटा या पिस्टनवर नोंदला गेला आहे.

व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र माझी फजिती झाली. तीही सांगतो.

बुलेटला दोन व्हॉल्व्ह. एक हवा-पेट्रोल आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. हे दुसरं पोर सतत आगीत असतं, जळायचं तर आधी तेच जळतं. (राजदूत आणि जावा या टू-स्ट्रोक गाड्यांना अशी व्हॉल्व्हच नसतात. तिथे पिस्टनच भिंतीतली दारं उघडतो आणि मिटतो, म्हणून दूधवाल्यांना त्या परवडत.) हेड उलटं करून दोन्ही मार्गांत थोडं पेट्रोल ओतलं. घेणाऱ्या व्हॉल्व्हखाली ठिपका आला नाही, सोडणाऱ्याखालून थेंब थेंब गळू लागलं. तो बाहेर काढला तर बसणीच्या कडेवर एका ठिकाणी जळून खड्डा पडलेला. आणि त्याच्या पाठीवर दोन थर होते. खाली फिकट राखाडी, चुन्यासारखा, वर काळा.

राखाडी थर ओळखीचा होता. ते शिसं. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या जनरल मोटर्सच्या इंजिनियरने शोधून काढलं की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घातलं की इंजिन ठोकत नाही. पुढे जवळजवळ साऱ्या जगाच्या पेट्रोलमध्ये ते मिसळलं गेलं. त्याचा आणखी एक उपयोग होई. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याची बसण यांच्यामध्ये गादीसारखा राही, धातू धातूवर आपटत नसे. पण तेच शिसं धुरातून श्वासात जाई, मुलांच्या मेंदूला अपाय करी. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्या सुमारास जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये व्हॉल्व्हच्या बसणी बुडतील म्हणून बरीच घबराट होती.

मी ताबडतोब निष्कर्ष काढला. खाली शिशाचा थर, वर बिनशिशाची काळी काजळी, म्हणजे गाडी २००० नंतरही चालली आहे! १९९८ ची घरची गोष्टही खोटी! भावाकडे संशयाने पाहिलं, तेव्हा तो कॉलेजात होता. त्याने आईची शपथ घेतली.

मिस्तरींनी व्हॉल्व्ह पुन्हा गाईडमध्ये घातला आणि डोक्याला धरून हलवला. तो खुळखुळा झाला होता. दुसरा व्हॉल्व्ह तर अधिकच. त्यांनी काळा थर नखाने उचलला, तो भुकटीसारखा कोरडा नव्हता, चिकट होता. झिजलेल्या गाईडमधून आणि रिंगांवरून ऑइल वर चढून जळलं की असाच डांबरी थर बसतो. पेट्रोलचा त्याच्याशी संबंध नाही. १९९८ खरं होतं. उत्खननातले थर वाचावेत तसे हे थर वाचायला मी निघालो होतो, पण वरचा थर नेहमी नंतरच्या राजवटीचा असतोच असं नाही.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. मी राखाडी थर सुरीने खरवडून कागदावर घेऊ लागलो तेव्हा मिस्तरींनी हात धरला नाही, पण मीच थांबलो आणि डिझेलने ओला करून पुसला. मिस्तरी म्हणाले, आम्ही तर आयुष्यभर खरवडून तोंडाने फुंकर मारली. दुकानातली पोरं त्याच हातांनी भाकरी खायची. त्या पोरांच्या रक्तात किती शिसं गेलं हे मोजायला कुणी आलं नाही.

बोअर करायचा प्रश्न नव्हता, पण मिस्तरी मला त्यांच्या जुन्या दुकानात घेऊन गेले. त्यांच्या तरुणपणी तिथे दुचाकीपेक्षा विहिरीवरच्या ऑइल इंजिनांची कामं जास्त येत. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ ची. रावेर-यावलच्या केळीला पाणी द्यायला ही इंजिनं रात्रंदिवस चालत. खानदेशात पिस्टन-व्हॉल्व्हचं ज्ञान आधी विहिरीवर आलं आणि मग मोटारसायकलवर बसलं, असं मला त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. केळी उभी असताना इंजिन बंद पडलं तर शेतकरी ब्लॉक बैलगाडीत घालून रात्री दुकानाच्या ओट्यावर येऊन झोपे. मग विजेचे पंप आले. बोअर करायचं यंत्र अजून कोपऱ्यात आहे, वर प्लॅस्टिक. बिडाच्या सिलिंडरचं जुनं बुलेट इंजिन २०१० च्या सुमारास कंपनीनेही थांबवलं. नव्या गाड्यांतल्या कित्येक सिलिंडरांना आतून कठीण मुलामा असतो, तो कापून मोठा करता येत नाही. झिजला की नवा संच घ्यायचा. थाऊ हा शब्द मिस्तरींच्या नातवाला माहीत नाही. तो मोबाइल दुरुस्त करतो आणि त्यातही हुशार आहे.

राहता राहिली आई. तिचं वय ऐंशीच्या पुढे. नाना तिच्याशीही खोटं बोलले, हे तिला सांगावं की नाही यावर आम्हा भावांचं दोन दिवस खलबत चाललं. शेवटी रिकामं देवघर पाहून तिनेच विचारलं, माझं उदबत्तीचं घर कुठे नेलं? मग सगळं सांगावं लागलं. लॉक, पारोळा, ट्रक, वही.

ती म्हणाली, "अरे, ते घर काय आकाशातून पडलं होतं? त्यांनी टाकून दिलं होतं उकिरड्यावर. मी उचलून आणलं. रोज त्यांच्या समोरच उदबत्ती लावायची मी."

"आणि ते काही बोलले नाहीत?"

"काय बोलतील!"

पुण्याच्या गृहस्थांना मी लिहून दिलं : इंजिन एकदा उघडून १९७९ साली बोअर केलेलं, पिस्टन चाळीस, सध्याची झीज वरच्या टोकाला पॉइंट एकोणीस मिलिमीटर, धूर सोडणारा व्हॉल्व्ह जळालेला, दोन्ही गाईड झिजलेली. त्यांनी किंमत बरीच खाली आणली आणि मूळ पिस्टनही बरोबर मिळेल का असं विचारलं. भावाने आईकडे पाहिलं. तिने पिस्टनमध्ये वाळू भरायला घेतली होती.

व्यवहार अजून झालेला नाही. मिस्तरींनी सिलिंडरला आतून ग्रीस लावून सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आहे. नवी लॉकं आणून ठेवली आहेत, दोन जोड.